टीनएजर्ससाठी म्युझिक मॅगझिनचं कव्हर: 'सर म्हणतात टीनएज वाटत नाही', मग नक्की काय बदलायचं?

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. अप्लाइड आर्टच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला असाइनमेंट आलीय, १३ ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी मराठी म्युझिक मॅगझिनचं फ्रंट कव्हर, साइज ए-फोर. त्याने नाव ठेवलंय 'सूरसंगम', काळं बॅकग्राउंड, त्यावर निऑन हिरवा आणि निऑन गुलाबी, मधे हेडफोन लावून हसणारी मुलगी जी स्टॉक साइटवरून घेतलीय, बाजूला गिटार, सगळीकडे उडणाऱ्या म्युझिक नोट्स आणि आठ कव्हर लाइन्स, म्हणजे आत काय आहे ते सांगणाऱ्या कव्हरवरच्या ओळी. सर म्हणाले "टीनएज वाटत नाही" आणि पुढे गेले. सबमिशनला दहा दिवस आहेत.

मी गेली २२ वर्षं पुण्यात मासिकांची, दिवाळी अंकांची कव्हरं करते, त्यातली सहाएक वर्षं तरुण मुलांच्या एका मासिकात गेली, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे आणि उत्तर लांबणार आहे.

तुझं ड्रॉइंग किंवा सॉफ्टवेअर कच्चं नाहीये, अलाइनमेंट नीट आहे, मुलीचं कटआउट छान केलंयस. अडचण अशी आहे की कव्हर बघून ते कुणासाठी आहे हे कळतच नाही. तू 'टीनएजर' या शब्दासाठी डिझाइन केलंयस, आणि टीनएजर नावाचा एक माणूस कुठेच राहत नाही. १३ म्हणजे सातवी-आठवीतलं पोर, शाळेच्या रिक्षातून जाणारं, आणि १९ म्हणजे एसवायला असलेला, कदाचित पार्टटाइम डिलिव्हरी करणारा मुलगा. दोघांना एकच कव्हर आवडावं म्हणून आपण सगळंच थोडं थोडं टाकतो, हेडफोन पण, गिटार पण, निऑन पण, आणि मग ते कुणाचंच राहत नाही.

मला इतक्या वर्षांत एक गोष्ट कायम दिसलीय, या वयातली पोरं नेहमी आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठं असलेलं वाचतात. तेराच्या मुलाला पंधरा-सोळाचं दिसायचं असतं, पंधराच्या मुलीला कॉलेजला जाणाऱ्या ताईसारखं. उलटं कधीच होत नाही, सोळाच्या मुलीला 'हे लहान मुलांचं आहे' असा नुसता वास जरी आला तरी ती हात लावणार नाही. म्हणून ब्रीफमध्ये १३ ते १९ असलं तरी तू १६-१७ वर नेम धर, खालचे आपोआप येतात.

आणि १६-१७ असंही नको लिहूस, एक मुलगी लिही. मी नेहमी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवते, उदाहरणार्थ: १६ वर्षं, इचलकरंजी, अकरावी सायन्स, फोन आईचा जुना, क्लासला जाताना बसमध्ये एक इअरफोन स्वतःच्या कानात आणि एक मैत्रिणीच्या, हातात महिन्याला शंभर-दीडशे रुपये, भाऊ रॅप ऐकतो म्हणून तीही ऐकायला लागली आणि आता तिला भावापेक्षा जास्त कळतं. बस, एवढंच. पण आता प्रत्येक निर्णयाला विचारायला कुणीतरी आहे. हा रंग तिला चालेल का, ही ओळ ती मैत्रिणीला वाचून दाखवेल का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा अंक ती क्लासच्या बेंचवर कव्हर वर करून ठेवेल की पालथा. या वयात मासिक हातात धरणं म्हणजे टीशर्ट घालण्यासारखं आहे, मी कोण आहे हे ते इतरांना सांगतं. पालथा ठेवला तर कव्हर फसलं.

वाचक बदलला की कव्हर कसं बदलतं याचं एक खरं उदाहरण देते. इंग्लंडमध्ये निक लोगन नावाच्या संपादकाने १९७८ मध्ये 'स्मॅश हिट्स' काढलं, शाळकरी वयासाठी, चटकदार रंग, स्टार्सचे मोठे फोटो, आणि आत चालू गाण्यांचे शब्द छापलेले, म्हणजे पोरं ते बघून गाणार. आणि त्याच माणसाने १९८० मध्ये 'द फेस' काढलं, थोड्या मोठ्या, फॅशन आणि क्लबवाल्या तरुणांसाठी, जिथे नेव्हिल ब्रोडी या डिझायनरने पुढे अक्षरांची जी मोडतोड केली ती आजही डिझाइन कॉलेजात शिकवतात. माणूस तोच, विषय साधारण तोच, पण दोन्ही कव्हरं शेजारी ठेवली तर एका घरातली वाटणार नाहीत. त्याने 'यूथ' म्हणून एकच गाठोडं बांधलं नाही.

आता नाव. 'सूरसंगम' वाईट शब्द नाही, पण तो बैठकीचा आहे, सतरंजी, तानपुरा, प्रमुख पाहुणे. तुझ्या इचलकरंजीच्या मुलीचे आजोबा तो अंक आनंदाने घेतील. 'केरँग!' नावाचं ब्रिटिश रॉक मॅगझिन १९८१ मध्ये आलं, त्या नावाचा अर्थ म्हणजे इलेक्ट्रिक गिटारवर जोरात हात मारल्यावर येणारा आवाज, एवढाच. आणि मराठीत तर असल्या आवाजी शब्दांची खाण आहे, दणका, धडाम, ढणढण, खणखणीत, ढोलाच्या ठोक्याचे, ताशाच्या तर्रीचे शब्द. इंग्रजी नाव देवनागरीत लिहून मॉडर्न वाटतं असं समजू नकोस, चांगलं मराठी नाव सापडलं तर ते जास्त तोऱ्यात उभं राहतं.

पण नाव निवडताना अर्थाबरोबर आकार बघ. हा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे कारण कॉलेजात सगळी उदाहरणं इंग्रजी असतात आणि आपल्या अक्षरांचं कुणी बोलतच नाही.

इंग्रजी मॅगझिनची ठरलेली गंमत म्हणजे स्टारचं डोकं मास्टहेडच्या, म्हणजे कव्हरवरच्या मासिकाच्या नावाच्या, वर येतं, दोन-तीन अक्षरं झाकली जातात आणि फोटोला खोली येते. तूही तेच केलंयस. पण रोमन अक्षरांत वरचा अर्धा भाग दिसला तरी शब्द वाचता येतो. देवनागरीत वर शिरोरेषा आहे, तिला लटकलेले दांडे आहेत, आणि अक्षराची ओळख बऱ्याचदा पोटात असते, प आणि ष, व आणि ब, फरक कुठे आहे बघ. डोकं खालून वर येतं, म्हणजे ते आधी उकार खातं, मग पोट खातं, आणि शिल्लक राहते ती शिरोरेषा. तुझ्या कव्हरवर मुलीच्या केसांनी 'सू'चा उकार झाकलाय आणि मला पहिल्यांदा 'सरसंगम' वाचता आलं. 'नाद' ठेवलं असतं आणि मधला काना झाकला असता तर 'नद' झालं असतं. एक काना गेला की मराठीत शब्दच बदलतो.

म्हणून नाव कमी अक्षरांचं, खाली उकार नसलेलं आणि शक्यतो वरही मात्रा-वेलांट्यांचा पसारा नसलेलं बघ. समजा 'कडक'. तीन अक्षरं, काना नाही मात्रा नाही, शिरोरेषा सरळ एका रेघेत, दोन्ही बाजूंना तोच क त्यामुळे तोल आपोआप, आणि मधल्या ड वर डोकं थोडं आलं तरी दोन क शब्द सांभाळून घेतात. शिवाय गाणं आवडलं की पोरं तोंडाने म्हणतात तोच शब्द. मी हे नाव घे असं म्हणत नाहीये, पण नावाकडे असं बघायचं हे दाखवतेय. आणि हो, पहिल्या अंकाला तर मास्टहेड अजिबात झाकू नकोस. जुनी मासिकं झाकू शकतात कारण वाचकाला नाव पाठ आहे, तुझं नाव अजून कुणी एकदाही वाचलेलं नाही.

मास्टहेडसाठी आयता फॉन्ट जसाच्या तसा टाइप करून सोडू नकोस. मराठी नाटकांच्या जाहिरातींतलं कमल शेडगे यांचं अक्षरांकन शोधून बघ, नाटकाचं नाव नुसतं बघितलं तरी ते विनोदी आहे की गंभीर हे कळायचं, फक्त अक्षरांच्या वळणातून. तेवढी उंची दहा दिवसांत येणार नाही, पण कागदावर मार्करने शंभर वेळा नाव लिही, त्यातलं एक वळण पकड, स्कॅन कर, मग व्हेक्टर कर. फॉन्टवरूनच सुरुवात करायची असेल तर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे 'मोडक' आणि 'बालू' आहेत, फुकट आहेत, मोडक इतका फुगीर आहे की अक्षरातली पोकळी जवळजवळ संपते, मोठ्या साइजला कमाल दिसतो आणि छोट्या साइजला वाचता येत नाही. रॅप किंवा ताठ काही हवं असेल तर 'टेको' किंवा 'खंड', दोन्ही अरुंद आहेत, उंच जातात. कव्हर लाइन्सना 'मुक्त' घे, तो कधी दगा देत नाही. दोन फॉन्ट पुरेत, तू पाच वापरलेयस.

दोन-तीन तांत्रिक चुका तुझ्या फाइलमध्ये दिसल्या त्या इथेच सांगते. एक, तू अक्षरांमधलं अंतर वाढवलंयस, इंग्रजीत ते स्टायलिश दिसतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो, कधीच करू नकोस. दोन, मास्टहेडला आउटलाइन दिलीयस आणि प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर बारीक रेघा दिसतायत, कारण युनिकोड फॉन्टमध्ये अक्षरं एकमेकांवर थोडी चढलेली असतात, आधी टेक्स्ट कर्व्हमध्ये, म्हणजे साध्या आकारांत बदल, पाथफाइंडरमध्ये युनाइट करून ते एकजीव कर आणि मग स्ट्रोक, म्हणजे बाहेरची रेघ दे. तीन, एका ओळीत 'र्‍हिदम' आणि 'स्टुडिओ' फुटलेत, वेलांटी आणि अर्धा र भलतीकडे गेलेत, ते फॉन्टमुळे नाही, तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे आपल्या लिपीची अक्षरं नीट जोडणारी सोय, चालू नाहीये, टाइपच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू कर. आणि आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे ओरडायचं असेल तर जाडी आणि साइज एवढीच दोन हत्यारं आहेत, आठही ओळी बोल्ड केल्यास तर कुणीच ओरडत नाही.

फोटोबद्दल. ती स्टॉकवाली मुलगी गाणं ऐकत नाहीये. हेडफोन लावून कुणी असं दात दाखवून हसतं का? गाणं खरंच ऐकणारा माणूस जरा हरवलेला असतो, किंवा डोळे मिटलेले, किंवा ओठ हलत असतात. पोरांना हे आपल्यापेक्षा लवकर कळतं, खोटा फोटो ती सेकंदात ओळखतात कारण त्यांचा दिवसच फोटो बघण्यात जातो. तू स्वतः शूट कर. कॉलेजात कुणीतरी रॅप करत असेल, कुणी ढोल-ताशा पथकात असेल, कुणाची बहीण कीबोर्ड वाजवत असेल, तिला घे. संध्याकाळी साडेचार-पाचच्या सुमाराला सावलीच्या भिंतीसमोर उभं कर, तिला हसायला सांगू नकोस, तिचं स्वतःचं गाणं म्हणायला सांग आणि शेवटची ओळ संपल्यावर कॅमेऱ्यात बघायला सांग, ती जी पहिली नजर येते ना ती कव्हरची नजर, अजून धाप लागलेली असते आणि चेहऱ्यावर खरेपणा असतो. उभा फोटो घे आणि डोक्याच्या वर भरपूर जागा सोड, नवखे लोक डोकं फ्रेमला टेकवतात आणि मग मास्टहेडला जागाच राहत नाही.

फोनने काढलास तरी चालेल. ए-फोरला चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, धरून ३०० डीपीआयला साधारण २५५१ बाय ३५७९ पिक्सेल लागतात आणि साध्या १२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो ३०२४ बाय ४०३२ असतो, म्हणजे आरामात होतं, फक्त पोर्ट्रेट मोड बंद ठेव कारण तो केसांच्या कडा खातो. आणि तो फोटो मित्राकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवताना डॉक्युमेंट म्हणून मागव, साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून छोटा होतो. मुलगी अठराच्या खालची असेल तर आईवडिलांना आधी विचार, कागदावर सही घे, असाइनमेंट असली तरी. नेटवरून एखाद्या प्रसिद्ध रॅपरचा फोटो उचलू नकोस, तो कुणीतरी काढलेला असतो आणि त्याच्यावर त्याचा हक्क असतो.

आणि एक विनंती, ही मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला करते. तिचा रंग उजळ करू नकोस. गाल गुळगुळीत करू नकोस. आपल्या मासिकांनी हे वर्षानुवर्षं केलंय, मी स्वतः सुरुवातीच्या काळात सांगितल्यावर केलंय आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. एकदा वाचकांच्या पत्रांत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचं पत्र आलं होतं की तुमच्या कव्हरवर माझ्यासारखी दिसणारी मुलगी कधीच का नसते. ते पत्र मी बरीच वर्षं टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. एखादी पिंपल आली असेल तर ती घालव, आठवड्यात ती तशीही जाणार आहे, पण जे तिचं आहे ते राहू दे. आणि मुलगी कव्हरवर असेल तर तिच्या हातात तिचं वाद्य किंवा माइक नीट धरलेला असू दे, वाजवणारी दिसू दे. मुलगा असला की वाजवताना आणि मुलगी असली की केस उडवताना, हे आता बास.

रंगांवर येते. निऑन हिरवा स्क्रीनवर जबरदस्त दिसतो, मान्य. पण स्क्रीनचा रंग म्हणजे उजेड आणि कागदावरचा रंग म्हणजे शाई, आणि सायन-मजेंटा-यलो-ब्लॅक या चार शायांमधून तो निऑन निघतच नाही. माझ्या तिसऱ्या का चौथ्या कव्हरला मी हेच केलं होतं, मॉनिटरवर हिरवागार विजेसारखा रंग आणि छापून आला तो उकडलेल्या भेंडीचा, चार हजार प्रती, संपादक काही बोलले नाहीत पण मी त्या दिवशी जेवले नाही. तेव्हापासून फाइल पहिल्या दिवसापासून सीएमवायकेमध्ये ठेवते. खरा निऑन हवाच असेल तर पाचवी शाई म्हणून स्पॉट कलर लावावा लागतो, त्याला खर्च येतो, असाइनमेंटमध्ये तू तसं स्पेसिफाय करू शकतोस आणि सरांना आवडेलही. नाहीतर एक साधी युक्ती आहे, चार रंगांत सगळ्यात झगझगीत तेच दिसतात जे कमीत कमी शाया मिसळून बनतात. शंभर टक्के यलो, नुसता. शंभर टक्के मजेंटा, नुसता. यलोवर काळं अक्षर टाक, लांबून वाचता येतं, भेसळ नाही म्हणून चमकही जात नाही. बाकी रंग बाहेरून आणू नकोस, फोटोतून उचल, मुलीने जांभळा कुर्ता घातलाय का, भिंत फिकट निळी आहे का, तोच रंग कव्हर लाइनला दे, मग सगळं एकत्र बसतं. काळं बॅकग्राउंड मात्र काढ, रॉक म्हणजे काळं हे समीकरण पोरांचं नाही, ते आपण मोठ्यांनी ठरवलेलं आहे.

गिटार आणि उडत्या नोट्सही काढ. हे म्युझिक मॅगझिन आहे हे सांगायला नोट्स लागत असतील तर बाकीचं कव्हर काम करत नाहीये. शिवाय तुझ्या मुलीला स्टाफ नोटेशन येत नाही, तिला बीट, ड्रॉप, हुक हे शब्द येतात.

कव्हर लाइन्स. आठ खूप झाल्या, चार ठेव, त्यातली एक राजा आणि तीन प्रजा. तुझी मुख्य ओळ आहे 'संगीत क्षेत्रातील उगवते तारे'. ही ओळ मी दर वर्षी कुठल्या ना कुठल्या अंकावर बघते आणि तिने एकाही पोराला अंक उघडायला लावलेलं नाही, कारण त्यात कुणी माणूस नाही. ज्या मुलीचा फोटो काढशील तिच्याशी अर्धा तास बोल, ती काहीतरी असं बोलून जाईल की ते तसंच्या तसं कव्हरवर जाईल. मला एकदा एका मुलाने सांगितलं होतं, 'पहिलं गाणं मी बाथरूममध्ये रेकॉर्ड केलं, घरात तीच एक जागा शांत होती.' झालं, 'पहिलं गाणं बाथरूममध्ये रेकॉर्ड केलं!', अवतरणचिन्हासकट, मोठ्या अक्षरात. प्रत्येक पोराच्या घरात जागा कमी आहे, प्रत्येकाला ते समजतं. दुसरी ओळ उपयोगाची ठेव, फोनवर बीट कसा बनवायचा, माइक घ्यायच्या आधी काय बघायचं, असं काही जे ती त्याच रात्री करून बघेल. तिसरी ओळ वादाची, ऑटोट्यून म्हणजे चीटिंग आहे का, यावर ती भावाशी भांडेल. चौथी काय ते पुढे सांगते.

भाषा मात्र सांभाळ. 'यो ब्रो, फुल टू राडा' वगैरे लिहून टीनएज येत नाही. स्लँग फार लवकर शिळं होतं, आपल्या कानावर पोचेपर्यंत पोरांनी ते टाकून दिलेलं असतं, आणि मोठ्याने पोरांची बोली बोलायचा प्रयत्न केला की त्यांना ते नकोसं होतं. सरळ, छोटं, बोली मराठी लिही. पोरांना शब्द द्यायचाच असेल तर नवा द्या. १९९६ मध्ये 'टॉप ऑफ द पॉप्स'च्या मासिकाने स्पाइस गर्ल्स या ब्रिटिश पॉप ग्रुपमधल्या पाच जणींना पॉश, स्केअरी, स्पोर्टी, बेबी, जिंजर अशी टोपणनावं दिली, तो मासिकातल्या पानावरचा छोटासा मजकूर होता, आणि जगभर पोरांनी ती नावं उचलली, खुद्द त्या गायिकांनीही. पोरांच्या भाषेची नक्कल करण्यापेक्षा त्यांना बोलायला काहीतरी देणं हे जास्त मोठं काम आहे.

इथे दरवेळी कुणीतरी विचारतं की मग 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन म्युझिक मॅगझिनचं ते बीटल्सवाल्या जॉन लेनन आणि त्याची बायको योको ओनोचं कव्हर, त्यावर तर मास्टहेडशिवाय ओळच नव्हती. बरोबर, २२ जानेवारी १९८१ चा अंक, अ‍ॅनी लीबोव्हिट्झचा फोटो. पण तो फोटो ८ डिसेंबर १९८० चा आहे, त्याच रात्री लेननचा खून झाला. सगळ्या जगाला बातमी माहीत होती, ओळ लिहून सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तुझ्या कव्हरवरची मुलगी कुणालाच माहीत नाही, तिला शब्दांची गरज आहे.

आता चौथी ओळ, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आज गाणं फोनवर आहे, गाण्याचे शब्द फोनवर आहेत, मुलाखत फोनवर आहे. मग तिने हातखर्चातले पैसे कागदाला का द्यायचे? जे फोन देऊ शकत नाही ते दे आणि कव्हरवर सगळ्यात वरच्या पट्टीत लिही. जर्मनीत 'ब्रावो' नावाचं टीन मॅगझिन १९५६ पासून निघतं, त्यांनी १९५९ मध्ये एक प्रकार सुरू केला, स्टारचा माणसाच्या उंचीचा पोस्टर तुकड्या-तुकड्यांनी, दर अंकात एक तुकडा, पहिली ब्रिजित बार्दो होती. एक तुकडा चुकला तर स्टारचा गुडघाच नाही! पोरं पुढच्या अंकाची वाट बघणार नाहीत तर काय करणार. तुला तेवढं करायची गरज नाही, पण स्टिकर शीट, भिंतीवरचा पोस्टर, वहीला घालायचं कव्हर, रिकाम्या ओळींचं रॅप लिहायचं पान, यातलं काहीतरी ठरव. भिंत हा टीनएजरच्या घरातला एकच कोपरा असतो जो तिचा स्वतःचा असतो, तोही बऱ्याचदा भावाबरोबर वाटून घेतलेला. त्या भिंतीवर जाईल असं काहीतरी दे.

वरची पट्टी म्हणाले कारण आपल्याकडे अंक कसा विकला जातो ते डोळ्यासमोर आण. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर दोरीला क्लिप लावून अंक टांगलेले असतात, किंवा रेल्वे स्टेशनवर व्हीलरच्या स्टॉलवर एकावर एक सरकवून रचलेले, दोन्हीकडे वरचा तिसरा हिस्सा दिसतो आणि बाकीचं दुसऱ्या अंकाखाली जातं. म्हणजे नाव, डोळे आणि ती एक ओळ वरच्या दहा सेंटिमीटरमध्ये आली पाहिजे. आता स्टॉल कमी झालेत हे खरं आहे, मला त्याचं दुःख आहे, पण नियम बदलला नाही, फक्त स्टॉलच्या जागी फोन आलाय. मैत्रीण कव्हरचा फोटो स्टेटसला टाकते आणि तो अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो. तुझं कव्हर तीन सेंटिमीटर उंचीचं करून बघ, नाव वाचता येतंय का, डोळे दिसतायत का? सध्या मला फक्त काळा चौकोन आणि गुलाबी डाग दिसतोय.

बारकोड खाली उजवीकडे किंवा डावीकडे, पांढऱ्या चौकोनात, नियतकालिकाचा बारकोड ९७७ ने सुरू होतो, तू पुस्तकाचा ९७८ वाला चिकटवलायस, सर धरतील. क्यूआर कोड द्यायचा असेल तर दोन सेंटिमीटरपेक्षा छोटा नको, भोवती रिकामी जागा हवी, आणि तो कुठे जातो ते खरंच जोड, मुलीच्या गाण्याला. अंक, महिना, किंमत मास्टहेडजवळ छोट्या अक्षरात. कुठलंही अक्षर कटिंगच्या रेघेच्या आठ मिलिमीटर आत ठेव, कटर सरकतो.

आता या दहा दिवसांचं. पहिले दोन दिवस कॉम्प्युटर बंद. मुलगी शोध, बोल, नावं लिहून काढ. तिसऱ्या दिवशी शूट. मग कागदावर अंगठ्याएवढे वीस-पंचवीस लेआउट, त्यातले तीन मोठे कर. सहाव्या दिवशी कलर झेरॉक्सवाल्याकडून खऱ्या साइजची प्रिंट काढ, कुठल्याही जुन्या मासिकाला गुंडाळ आणि ओळखीच्या स्टॉलवाल्या काकांना विनंती करून दोरीला लाव. रस्त्याच्या पलीकडे उभा राहा. मग दोन-तीन पोरांना दाखव, पण 'कसं वाटतंय' विचारू नकोस, ती तुझं मन राखायला छान म्हणतील. तीन सेकंद दाखव, लपव आणि विचार, काय नाव होतं, कोण होतं, आत काय आहे. ज्याचं उत्तर येणार नाही ते दुरुस्त कर.

सरांना फाइल देताना छापायची पीडीएफ ब्लीड आणि क्रॉप मार्क, म्हणजे कुठे कापायचं त्या खुणांसकट दे, टेक्स्ट कर्व्ह केलेलं, आणि त्याच फोल्डरमध्ये टेक्स्ट एडिटेबल असलेली मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेव, कारण कर्व्ह केल्यावर एखादी वेलांटी चुकलेली सापडते आणि मग रात्री अकरा वाजता सगळी ओळ पुन्हा बसवावी लागते.